लिंडेनऐवजी फालसा : नर्सरीतल्या रोपापासून बोन्साय

बोन्सायवरील युरोपीय लेखन वाचणाऱ्याला लिंडेनचा मोह पडल्यावाचून राहत नाही. हृदयाकृती पाने, मोठा काप लवकर भरून काढणारी साल आणि जुन्या खोडावरही सहज फुटणारे डोळे, एवढे गुण एका झाडात क्वचितच एकत्र येतात. पण पानगळीनंतर लिंडेनला खऱ्या थंडीची विश्रांती लागते, आणि ठाण्यात जानेवारीतही पारा 15 अंशांखाली क्वचितच जातो. झाड फ्रिजमध्ये ठेवून ही गरज भागवणे मला छळच वाटतो. म्हणून मी लिंडेनच्या गोतातल्या फालशाकडे वळलो. ही दोन्ही झाडे पूर्वी एकाच कुळात गणली जात. आता त्यांचा समावेश जास्वंदीच्या कुळात होतो.

घोडबंदर रस्त्यावरील नर्सरीत फालसा मागितला की विक्रेता सर्वांत उंच, सरळसोट रोप कौतुकाने पुढे करतो, आणि बोन्सायला नेमके तेच निरुपयोगी असते. उंची आणि पाने छाटणीत जाणारच असतात; टिकतो तो बुंधा. त्यामुळे विक्रेत्याची परवानगी घेऊन पिशवीतली वरची दोन बोटे माती उकरावी आणि मुळे चोहोबाजूंना पसरली आहेत का, हे पाहावे. बुंध्याभोवती वेटोळे घातलेले मूळ जाड होत गेले की त्यालाच आवळते, म्हणून असे रोप कितीही डौलदार असले तरी घेऊ नये. शेंडा मोडल्यामुळे खालून फुटलेले, मागच्या रांगेत पडून राहिलेले रोप बहुधा अधिक चांगले निघते, शिवाय त्याची किंमतही कमी करून मिळते.

लिंडेनवाल्यांची पद्धत घ्यावी, त्यांचे वेळापत्रक मात्र घेऊ नये. फालशाला फळे नव्या फुटीवर येतात, म्हणून बागायतदार हिवाळ्यात त्याची दरवर्षी कडक छाटणी करतात. बोन्सायसाठीही मला जानेवारीच योग्य वाटतो. त्याच वेळी पिशवीतला चिकट लाल मातीचा गोळा बराचसा सोडवून विटांचा चुरा आणि थोडे शेणखत घातलेल्या मोकळ्या मिश्रणात रोप लावावे. हा गोळा तसाच राहिला तर आपल्याकडच्या पावसात तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि मुळे आतल्या आत कुजतात. उथळ कुंडीची घाई मुळीच करू नये. बुंधा जाड व्हायला खोल कुंडी आणि मोकळी वाढ लागते.

खरी अडचण पानांची आहे. लहान पानांच्या लिंडेनचे पान 3 ते 8 सेंटिमीटर असते, फालशाचे मात्र तळहाताएवढे सहज होते, आणि पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात ते आणखी वाढते. त्यामुळे पावसाळाभर मी फूट वाढू देतो आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की मोठी पाने देठ ठेवून कापतो. त्यानंतर येणारी पाने लहान असतात. तरीही दोन फुटांहून ठेंगणे फालशाचे बोन्साय मला पटत नाही. पाने छाटणीने लहान होतात, फळ मात्र आपल्या मूळच्या आकाराचेच राहते, आणि हाताएवढ्या फांदीवर जांभळ्या फळांचा घोस फारच अवजड दिसतो.