आमची वाटचाल : बोअरच्या पाण्यातली वडी

लातुरात साबण करायचा तर आधी पाण्याचा विचार करावा लागतो, तेलाचा नंतर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा साऱ्या राज्याला आठवतो. पण टंचाई नसली तरी इथल्या कितीतरी घरांचं वापरणं बोअरवरच असतं, आणि त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमचा छोटा कारखाना याच तक्रारीतून उभा राहिला. शेजारपाजारच्या काकू, मावश्या म्हणायच्या, "साबण घासून घासून झिजतो, अंग मात्र चिकटच."

साबण मळ काढतो कसा, हे समजल्याशिवाय उपाय सापडणार नव्हता. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, लांब शेपटी तेलात. शेपट्या मळाच्या तेलकट थेंबात रुततात, टोकं बाहेर पाण्यात राहतात. त्या टोकांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून असे थेंब एकमेकांना दूर ढकलतात, पुन्हा एक होत नाहीत आणि पाण्याबरोबर निघून जातात. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम नेमकं हेच टोक धरतं. मग न विरघळणारा पांढरट साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तो हाच. कॅल्शियम संपेपर्यंत घासलेला साबण वाया.

म्हणून तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात आम्ही थोडं सायट्रिक ॲसिड घालतो. त्याचं सोडियम सायट्रेट बनतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि साबण कामाला मोकळा राहतो. मात्र ॲसिड थोडा कॉस्टिक खातं, म्हणून १० ग्रॅम ॲसिडमागे सुमारे ६ ग्रॅम कॉस्टिक जास्तीचा घ्यावाच लागतो, नाहीतर वडीत तेल जास्त शिल्लक राहतं. फारच क्षाराचं पाणी असेल तर हा उपायही अपुरा पडतो. ते आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

तेल करडईचं, घाण्यावरचं. आपल्या मातीतलं हे पीक सोयाबीनपुढे मागे पडलं, याचं फार वाईट वाटतं. पण नुसत्या करडईची वडी मऊ होते, लवकर खवट होते, म्हणून खोबरेल लागतंच. त्यातल्या लॉरिक आम्लाने वडी टणक होते, फेसही भरपूर येतो. साबण बनताना तयार होणारं ग्लिसरीन आम्ही वडीतच राहू देतो. महिनाभर मांडणीवर सुकवल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

कपड्यांसाठी तर वडीपेक्षा रीत महत्त्वाची. आधी बादलीत धुण्याचा सोडा टाकून ढवळा, थोडं थांबा, कॅल्शियम खाली बसू द्या, मगच साबण लावा. हे आम्ही प्रत्येक पाकिटावर छापतो. साबण कमी खपला तरी चालेल.