आडनाव दुर्मीळ, माणूस बेपत्ता

आमच्या संशोधन संस्थेत मेलसाठी ब्राउझर न उघडणारे जे मोजके लोक उरलेत, त्यांत एक ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ आहेत. एसएसएचनं, म्हणजे दूरच्या यंत्रात टाइप करून शिरायच्या सोयीनं, सर्व्हरवर शिरायचं, काळ्या पडद्यावर मट हा मेल वाचायचा प्रोग्रॅम उघडायचा आणि माउसला हात न लावता मेलचा ढीग उपसायचा, ही त्यांची रोजची सकाळ. मायकेल एल्किन्सनं १९९५ साली लिहिलेल्या या प्रोग्रॅमचं ब्रीदच असं आहे की, सगळे मेल क्लायंट भिकार असतात, हा त्यातल्या त्यात कमी. सरांचंही तेच मत.

त्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले ते हातात कागद घेऊन. "तुमची डिरेक्टरी माणसं गाळते आहे. कोणाला गाळते, तेही मी पाहून ठेवलंय." डिरेक्टरी म्हणजे संस्थेतल्या लोकांच्या मेल पत्त्यांची यादी. कागदावर दोन रकाने होते. सापडतात: जोशी, कुलकर्णी, पाटील, शिंदे. सापडत नाहीत: घारपुरे, बिवलकर, सुब्रमण्यम. "आडनाव जितकं दुर्मीळ, तितका माणूस बेपत्ता. कारण तू शोध." आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक 'चालत नाहीये' एवढ्यावर संपतात. इथं निरीक्षणं हातात आयती मिळाली होती.

मटकडे स्वतःची अशी फक्त टोपणनावांची फाइल असते. बाकीचा शोध तो बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवतो. 'क्वेरी कमांड' नावाच्या सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमचं नाव लिहायचं. मग 'टू'च्या ओळीत चार अक्षरं टाकून कंट्रोल-टी दाबलं की ती अक्षरं त्याच्याकडे जातात आणि उत्तर परत येतं. कोणी यासाठी एलबीडीबी वापरतं, कोणी अबुक. आमच्याकडे एक जुनी शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांची छोटी फाइल, होती. ती संस्थेच्या एलडॅप सर्व्हरला, म्हणजे त्या डिरेक्टरीलाच, विचारायची.

स्क्रिप्ट मी टर्मिनलवर हातानं चालवली. घारपुरे ठणठणीत हजर! म्हणजे सर्व्हर, पोर्ट, परवानग्या हे सगळं एका फटक्यात निर्दोष सुटलं. पत्ता, टॅब, नाव, टॅब हा क्रमही बरोबर होता. मग सरांच्या खुर्चीत बसून मटमध्ये कॅपिटल क्यू दाबून तेच नाव शोधलं. यादी आलीच नाही. पण पडद्याच्या अगदी तळाशी, जिथं मट आपले निरोप दाखवतो, तिथं घारपुऱ्यांचा पत्ता दिसत होता.

"जोशी शोधा ना," मी म्हटलं. टर्मिनलवर अकरा जोशी, मटमध्ये दहा. अकरावे तळाच्या ओळीत. सर मिश्किल हसले. "म्हणजे जोशीही गळतात. फक्त कळत नाही!"

मटच्या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय: उत्तराची पहिली ओळ हा निरोप असतो, पत्ते दुसऱ्या ओळीपासून. स्क्रिप्टमध्ये वरती खरोखरच एक ओळ होती, 'एलडॅपमध्ये शोधत आहे' अशा अर्थाची. पूर्वी कोणीतरी साफसफाई करताना तिच्यापुढे हॅश टाकून ती बंद केली होती. डीबगिंगचं, म्हणजे चुका शोधतानाचं, उरलंसुरलं समजून, बहुधा. तेव्हापासून पहिला पत्ताच निरोप म्हणून खर्ची पडत होता. ज्या आडनावाचा संस्थेत एकच माणूस, तो अख्खा गायब. 'टू'च्या ओळीत शोधताना तर काही दिसण्याचीही सोय नव्हती, कारण नाव टाइप करायची ती जागाही त्याच तळाच्या ओळीत असते.

हॅश काढला, शेजारी 'ही ओळ मटसाठी आहे, काढू नये' अशी टीप घातली. शिवाय काहीच न सापडल्यास स्क्रिप्टनं शून्याऐवजी (शून्य म्हणजे सगळं ठीक) दुसरा एक्झिट कोड, म्हणजे संपताना कळवायचा आकडा, द्यावा, हेही केलं. तीही मॅन्युअलचीच अट आहे, आणि स्क्रिप्ट ती पाळत नव्हती.

सर उठेनात. "आता पूर्ण नाव टाकतो. मंदार जोशी." उत्तरात संस्थेतले यच्चयावत मंदार. सेटिंगमध्ये शोधशब्दाच्या जागेभोवती कोणीतरी अवतरणचिन्हं दिली होती. नवा मट ती स्वतःच घालतो. दोन्ही मिळून एकमेकांना रद्द करत होती, शब्द सुटे पडत होते, आणि स्क्रिप्ट त्यातला पहिलाच उचलत होती. आपली चिन्हं काढली, नेमके मंदार जोशी आले.

"आणि क्षीरसागर?" सरांनी विचारलं. डिरेक्टरीत सगळी नावं रोमन लिपीत आहेत, आणि क्षीरसागरांची तीन घरं तीन स्पेलिंगं लिहितात. ते काम अजून माझ्या यादीत आहे.