आधी आजी, मग नकाशा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, जत, अक्कलकोट. या पट्ट्यातल्या नववीच्या वर्गात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा विषय काढला की पाच मिनिटांत घोषणा सुरू होतात. मुलांनी त्या चौकात ऐकलेल्या असतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण घोषणा एकदा फळ्यावर आली की घरातली गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून वाद शेवटी घ्यावा. सहा तासिका पुरतात.

पहिली तासिका फक्त घरी आजीला विचारायचे प्रश्न ठरवण्यासाठी. "तुला कन्नड येतं का?" असं विचारलं तर "येतं की" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी, बाजारात भाव कुठल्या भाषेत करतेस आणि चिडलीस की कुठल्या भाषेत बोलतेस, हे विचारू द्या. माहेर कुठलं, लग्नातली गाणी कुठल्या भाषेतली, पाटीवर पहिलं अक्षर कुठलं काढलं. आठ प्रश्न खूप झाले. रेकॉर्डिंग दहा मिनिटांच्या वर नको, आणि त्यातली दोनच मिनिटं शब्दशः उतरवून घ्यायची. सगळं उतरवायला सांगितलं की मुलं सारांश लिहितात आणि बोलणाऱ्याचा आवाज हरवतो.

खरी गडबड वही तपासताना होते. आजी म्हणाली, "काय करायलास?" मुलानं तसंच लिहिलं. शिक्षकांनी लाल पेनानं "काय करतोस?" केलं. ज्या बोलीतून ओळख शिकवायची होती, तीच चूक ठरली. पुढच्या खेपेला ते मूल आजीच्या तोंडी पुस्तकी मराठी घालतं. उतरवलेल्या मजकुराला लाल पेन लावूच नये.

शब्दांची तासिका मुलांना हमखास आवडते. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द मराठीत कन्नडमधून आले, हे कळलं की वर्ग क्षणभर गप्प होतो. इथे एक सांभाळा: वर्गातल्या एकट्या कन्नडभाषक मुलाला उभं करून "तू सांग" म्हणू नका. शब्द सगळ्यांनीच घरून, बाजारातून विचारून आणायचे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी "श्री चावुण्डराजें करवियलें" (चावुण्डराजानं हे करवून घेतलं) हे मराठी वाक्य कोरलेलं आहे, आणि तीच गोष्ट तिथे कन्नड व तमिळमध्येही आहे. त्याचा फोटो याच तासिकेत दाखवा.

मग नकाशा, ट्रेसिंग पेपरच्या तीन थरांत. पहिला १९४७ पूर्वीचा: मुंबई प्रांत आणि मध्ये विखुरलेली संस्थानं. बेळगावला लागून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, जत आणि अक्कलकोट स्वतंत्र संस्थानं होती. दुसरा १ नोव्हेंबर १९५६ चा: बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. तिसरा १ मे १९६० चा. "बेळगाव महाराष्ट्रातून कर्नाटकात गेलं" हे वाक्य दर वर्षी वह्यांत येतं. १९५६ साली महाराष्ट्र राज्य नव्हतं आणि म्हैसूरचं कर्नाटक व्हायला १९७३ उजाडलं. थर एकावर एक ठेवले की मुलांना हे आपोआप दिसतं.

शेवटच्या दोन तासिका १ नोव्हेंबरच्या. त्याच गावात एका मराठी घरी तो काळा दिन, शेजारच्या कन्नड घरी कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव. प्रत्येकानं आपल्या नव्हे, शेजारच्या घरची बाजू दहा ओळींत लिहायची आणि त्या घरातल्या कुणालातरी वाचून दाखवायची. "हो, आम्ही असंच म्हणतो" असं त्यांनी म्हटलं तरच लेखन पूर्ण. टवाळी उतरली असेल तर पुन्हा लिहायचं. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून या सीमेचा दावा आहे हे जरूर सांगा, पण हात वर करून मतं घेऊ नका. एरवी जिवलग असलेली दोन मुलं त्या हातांवरून बोलणं टाकतात.

काही घरांत सीमा आंदोलनातल्या लाठीमाराच्या, गोळीबाराच्या आठवणी आहेत. तिथे रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्यायची, आणि नको म्हटलं तर विषय तिथेच सोडायचा.

लिहून झालेल्या पानाची एक प्रत घरी परत जाऊ द्या. आजीनं ऐकून "मी असं नव्हते म्हणाले" म्हटलं, तर ती ओळ तिच्यासमोर बसूनच बदलायची.