आज पाय न टेकवता उतरले!

तीन महिने पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीकडच्या त्या एका उतारावर मी सायकल हातात धरून चालत उतरायचे. सुटा मुरूम, मध्ये पावसाने कोरलेली घळ. एकदा तिथेच कोपर सोललं, तेव्हापासून वर पोचलं की हात आपोआप ब्रेक आवळायचे.

आज स्ट्राव्हा, म्हणजे राइडची वेळ नोंदवणारं ॲप, बंद ठेवलं. कोण किती मिनिटांत उतरलं, बघायचंच नाही. टायरची हवा जरा कमी केली, सीट खाली घेतली. आधी फक्त शेवटचे १० फूट, मग थोडं वरून. टाचा खाली, कंबर मागे, ब्रेकवर एकच बोट आणि नजर घळीच्या पलीकडे. नजर घळीत गेली की चाकही तिथेच जातं, हे अगदी खरं आहे!

चौथ्यांदा घाबरून थांबले. पाणी प्यायले, मोरांचं ओरडणं ऐकलं. पूर्वी अशा वेळी स्वतःवर चिडायचे. आज वाटलं, भीती मला नको म्हणत नाहीये, हळू म्हणतेय.

पाचव्यांदा वरपासून खालपर्यंत! रोज फिरायला येणाऱ्या एका काकांनी काठी उंचावून "शाब्बास गं पोरी!" म्हटलं. हात अजून थरथरतायत.

रविवारी सकाळी ६ वाजता पुन्हा तिथेच. कोण येतंय सोबत?