चोरी करू काय, असा कौल कोणी लावत नाही

माझं देवगड तालुक्यात हार्डवेअरचं दुकान आहे, पाइप, मोटर, केबल, रंग, खिळे, सगळं. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी आणि बाकड्यावर बसणारे जास्त, त्यामुळे जगातले झाडून सगळे विषय तिथे निघतात. विषय कुठलाही असो, एसटीत कोणाचं पाकीट मारलेलं असो की कुठल्या पतपेढीत घोटाळा झालेला असो, शेवट ठरलेला. कोणीतरी मान हलवून म्हणणार, "माणसाक देवाची भीती रवली नाय." आणि बाकीचे गप. कारण त्यापुढे बोलायचं काय?

मला मात्र दर वेळी बोलायचं असतं, आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी बोलत नाही, म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ साली ३४ देशांत हाच प्रश्न विचारला होता, माणूस चांगला असायला देव मानणं गरजेचं आहे का. भारतात ७९ टक्के लोक हो म्हणाले, स्वीडनमधे ९ टक्के. आता तिकडचे उरलेले ९१ टक्के रोज उठून एकमेकांच्या कंपाउंडच्या तारा चोरत असतील असं काही दिसत नाही. बाकड्यावर हे सांगितलं तर उत्तर येतं "तेंचा वेगळा आसता." बरं, वेगळं तर वेगळं. मग आपल्याच गावातलं बघू.

आमच्याकडे कौल लावतात. बाहेरच्यांसाठी सांगतो, देवळात गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि मग सगळे डोळे लावून बसतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि लोक काय काय विचारतात ते ऐकत आलोय. गाय हरवली ती कुठल्या दिशेला गेली, पोरीचं लग्न यंदा जमेल का, नवीन घराला हीच जागा धरू का, दुखणं डॉक्टरचं आहे की बाहेरचं. पण आजपर्यंत एकानेही "देवा म्हाराजा, शेजाऱ्याची मोटर चोरू काय?" असा कौल लावलेला मी बघितला नाही. "भावाच्या आंब्याच्या कलमांच्या मुळात औषध ओतू काय?" असाही नाही. आणि समजा एखाद्याने विचारलं आणि पाकळी उजवी पडली, तर अख्खं देऊळ काय म्हणेल? पाकळी नीट चिकटली नव्हती, परत लाव. देव चोरी करायला सांगूच शकत नाही याची आपल्याला इतकी खात्री असते. ही खात्री कुठून आली? देवाकडून आली म्हणावं तर देवाने काय सांगितलं की ते मान्य करायचं आणि काय सांगितलं की गुरवाची चूक म्हणायची, हे आपण त्याच्या आधीच ठरवून बसलोय.

अथेन्समधे जवळपास चोवीसशे वर्षांपूर्वी सॉक्रेटिसच्या तोंडी हाच प्रश्न आलाय, एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली, की चांगली आहे म्हणून देवांना आवडते? तत्त्वज्ञानाची पोरं यावर पेपर लिहितात. आमचा गुरव दर सोमवारी ओल्या पाकळीवर तेच करतो, त्याला कोण विचारत नाही.

पण भीतीचा उपयोग नाही असंही मी म्हणणार नाही, कारण तो मी दुकानात बसून बघितलाय. मागे एका काकांच्या बागेतून विहिरीवरच्या मोटरची केबल गेली. तांब्याची, चांगली लांब, भंगारात वजनावर जाते. काका पोलिसात गेलेच नाहीत. तिठ्यावर आले, रिक्षास्टँडसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ज्येनी न्हेल्यान तेनी गुमान आणून ठेवची, नायतर उद्या मी राखणदाराक नारळ ठेवतलंय, मगे माका सांगू नकात." राखणदार म्हणजे आमच्याकडे गावाची, बागांची राखण करणारा देव. बस्स, एवढंच, आणि माझ्याकडून शंभर ग्रॅम खिळे घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे केबल पंपाच्या खोपीच्या दारात गुंडाळून ठेवलेली, वर सुतळी बांधून, म्हणजे माझ्या दुकानात नवीन केबल बांधून देतो तशी. पोलीस पाटलाने वर्षभरात जे केलं नसतं ते राखणदाराने एका रात्रीत केलं, तेही नारळ न घेता.

बाकड्यावर यावर एकच निष्कर्ष निघाला, बघा देवाची भीती. मला यात दुसरंच दिसतं. ज्याने केबल नेली तो रात्रीच नेतो ना, दिवसा नाही. म्हणजे आपण करतोय ते वाईट आहे हे त्याला राखणदाराचं नाव निघायच्या आधीपासून माहीत होतं. राखणदाराने त्याला बरंवाईट शिकवलं नाही, फक्त "कोणीतरी बघतंय" याची आठवण करून दिली. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विद्यापीठात २००६ साली याचा छोटासा प्रयोग झालाय. स्टाफच्या खोलीत चहाकॉफी स्वतः घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे, बघायला कोण नाही. किमतीच्या कागदावर एका आठवड्यात फुलांचं चित्र, दुसऱ्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचं, असं आलटून पालटून लावलं. डोळ्यांच्या आठवड्यात डब्यात जवळजवळ तिप्पट पैसे पडले. नुसते झेरॉक्सचे डोळे! माझ्या गल्ल्यावर गणपतीचा फोटो आहे आणि त्याच्या वर मी सीसीटीव्ही लावलाय, आता कोणाच्या भरवशावर दुकान चालतं ते मला विचारू नका.

मग मुळात ते माहीत असणं कुठून येतं? जन्मजात असतं का? इथे आमचे नास्तिक मित्र जरा जास्तच खूश होतात म्हणून त्यांनाही थोडं सांगायला हवं. २००७ साली अमेरिकेत येल विद्यापीठातला एक प्रयोग खूप गाजला. सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना एक खेळ दाखवला, एक ठोकळा टेकडी चढायचा प्रयत्न करतोय, दुसरा त्याला वर ढकलतो, तिसरा खाली लोटतो. नंतर दोघे समोर ठेवले तर बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. झालं, माणूस जन्मतःच नीतिमान, सगळीकडे छापून आलं. आणि अलीकडे वेगवेगळ्या देशांतल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग हजारावर बाळांवर परत केला तर निकाल छापाकाट्यासारखा, अर्धी इकडे अर्धी तिकडे. म्हणजे तो पुरावा काही आता छाती ठोकून सांगता येत नाही. तसंच २०१५ साली एक अभ्यास आला होता की धार्मिक घरातली मुलं कमी दानशूर असतात, तोही जगभर फिरला, आणि २०१९ मधे आकडेमोडीतली चूक निघाल्यामुळे लेखकांनीच मागे घेतला. पहिला अभ्यास मला दहा जणांनी पाठवला होता, मागे घेतल्याची बातमी एकानेही पाठवली नाही.

मला जास्त पटतात ते साधे प्रयोग. जर्मनीत २००६ साली दीड वर्षाच्या पोरांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालत होता, त्याच्या हातून चिमटा पडला, तो वाकून घ्यायला बघतोय आणि पोचत नाही. पोरं दुडुदुडू जाऊन चिमटा उचलून देतात, बक्षीस नाही, शाबासकी नाही. तोच चिमटा मुद्दाम टाकला तर तेवढ्या उत्साहाने जात नाहीत. दीड वर्षाच्या पोराला कुठला धर्म! आणि २००३ सालचा माकडांचा प्रयोग, फ्रान्स द वाल आणि सारा ब्रॉस्नन यांचा. दोन कॅपुचिन माकडिणी, काम तेच, एकीला काकडी आणि दुसरीला द्राक्ष. काकडीवाली आधी खुशीत काकडी खात होती, पण शेजारणीला द्राक्ष मिळताना बघितलं तसं तिने काकडी नाकारली, काही तर ती फेकूनच देतात. अभ्यासक अजून भांडतात की याला न्यायबुद्धी म्हणायचं की नुसता हिरमोड. पण रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ती ओढल्यावर वाटे घालताना ज्याने उभं राहून बघितलंय त्याला हे बघून हसूच येतं. सुरमईचा एक तुकडा इकडचा तिकडे गेला तर काय होतं तिथे! आणि त्याच ठिकाणी दोरीला नुसता हात लावलेल्या पोराला पण मूठभर म्हावरं दिल्याशिवाय पाठवत नाहीत, ते न मागता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच सकाळी. पोथी कोण उघडत नाही.

म्हणजे माझं मत असं की चांगुलपणाचं बी आपलंच आहे, घेऊन आलोय, पण त्याची पोच फार थोडी, घर, वाडी, फार तर गाव. त्या पलीकडच्या माणसाचं काय, हा खरा प्रश्न, आणि धर्म तिथे दोन्ही बाजूंनी काम करतो. कधी कुंपण लांब नेतो, कधी इतकं आत आणतो की शेजारचा माणूसच बाहेर पडतो. महाड आपल्याच कोकणात. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाचा ठराव झालेला, नगरपालिकेनेही चवदार तळं सगळ्यांना खुलं केलेलं, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली म्हणून त्यांना मारहाण झाली आणि नंतर घागरींनी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं गेलं. गुरंढोरं तिथे पाणी पीत होती त्याचं काही नाही. हे करणारे कोण दरोडेखोर नव्हते, पूजाअर्चा करणारी, देवाला भिणारी माणसं होती. देवाची भीती होती म्हणूनच केलं. खटला चालत राहिला, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तिकडे दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकले, तेही धर्म राखायलाच. आणि हे जुनं झालं म्हणाल तर वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याला वेगळा कायदा करावा लागला तो २०१६ साली, आणि तेव्हा तक्रारी ज्या जिल्ह्यांतून येत होत्या त्यात आमच्या कोकणातलं रायगड पुढे.

इथवर आलं की नास्तिक मित्र म्हणतात, बघ, धर्मच वाईट, सोडून दे. पण मग बाबासाहेबांनी का नाही सोडला? धर्म माणसाचं काय करू शकतो हे त्यांच्याइतकं कोणी भोगलं असेल? तरी १९५६ साली त्यांनी धर्म टाकला नाही, बदलला, आणि जो घेतला त्यात जगाचा कर्ता देव नाही आणि नीती हाच धम्म असं लिहून ठेवलं. म्हणजे पहारेकरी काढून टाकला आणि नीती ठेवली, पण ती एकेकट्याच्या मनावर सोडली नाही, तिला सगळ्यांनी मिळून पवित्र मानायला लावलं. मला वाटतं त्यांना माहीत होतं की नुसतं बी असून भागत नाही, आणि नुसत्या भीतीवरही भागत नाही. यावर आमच्या बाकड्यावर कधी चर्चा होत नाही, तिथे बाबासाहेबांचा विषय निघाला की लोकांना अचानक घरची कामं आठवतात.

माझ्यापुरता पुरावा म्हणजे उधारीची वही. तीत माळकरी आहेत, पाच वेळा नमाज पढणारे आहेत, कशालाच न मानणारे आहेत, आणि कोण वेळेवर देतो आणि कोण रस्ता बदलून जातो याचा कपाळावरच्या गंधाशी काडीचा संबंध मला आजवर लागलेला नाही. संबंध लागतो तो आंब्याच्या सीझनशी. सीझन चांगला गेला की सगळे प्रामाणिक. प्रिन्स्टनमधे १९७३ साली धर्मशास्त्र शिकणाऱ्या पोरांवर असंच काहीतरी दिसलं होतं, वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, ज्यांना उशीर झालाय म्हणून सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के थांबले, ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के. धार्मिकता कोणाची कशी आहे यावरून कोण थांबेल ते सांगता येत नव्हतं. चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबई गोवा हायवेवर गाडी बंद पडलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि भाऊबंदकी. आमच्या घरातलंच सांगतो, आमची सामायिक कलमं आहेत, सातबारावर नावं इतकी की तलाठ्याला दम लागतो. मी आणि माझा मुंबईचा चुलतभाऊ दर शिमग्याला एकाच पालखीला खांदा लावतो, एकाच देवासमोर नाचतो, दोघांच्या डोळ्यांत पाणी येतं, खोटं नाही ते. आणि वाटणीचं नाव काढलं की तो पुढच्या गाडीने परत. मी पण काही साधा नाही, वरच्या बाजूची चार कलमं मला हवीत आणि त्याला पण तीच हवीत. वाटणीवर कौल लावूया असं दोघांपैकी कोणीच अजून म्हणालेलं नाही. दादा, हे वाचत असशील तर मे महिन्यात येताना मोजणीचा नकाशा तेवढा घेऊन ये, फी अर्धी अर्धी भरू.