कडी लावलेला रुपया

दुपारच्या वेळी गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, वर्दळ जरा कमी असते, त्यामुळे सराफाच्या दुकानात आपले काम होईपर्यंत दुसऱ्याचा व्यवहार निवांत ऐकता येतो. परवा असाच बसलो असताना एका वयस्क बाईंनी कमरेच्या पिशवीतून राणीछाप, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचा, चांदीचा रुपया काढून काचेवर ठेवला. सराफांनी तो आधी काट्यावर टाकला, मग दाराच्या उजेडाकडे तिरका धरून पाहिला.

"काकी, चांदीच्या भावानं घेतो. नाणं म्हणून ह्यात काय उरलं न्हाई."

"राणी हाय न्हवं त्यावर?"

"राणी हाय, पर नाक-डोळा कुठं हाय तिला?"

बाईंनी काही उत्तर न देता रुपया परत पिशवीत घातला. तेवढ्यात मला त्याच्या कडेला झाळून बसवलेली कडी दिसली, अर्धी तुटलेली. कधीकाळी तो कुणाच्या तरी गळ्यात होता.

सराफांचे काही चुकले होते असे म्हणता येणार नाही. १८३५ पासून कंपनीच्या मुलखात एकसारखा चालू झालेला हा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. एवढे माहीत असले की उरलेली किंमत काटा सांगतो. झीज आधी लागते ती उंच भागांना: राणीच्या कानावरचे केस, मग गाल, मग खांद्यावरच्या वस्त्राची नक्षी. मागच्या बाजूचे साल मात्र बऱ्याचदा तग धरून राहते, आणि संग्राहकाचा जीव त्या सालातच अडकलेला असतो. त्यातही १८६२ चा रुपया मोठा फसवा आहे. त्यानंतरही कित्येक वर्षे टांकसाळीतून तेच साल घेऊन रुपये पडत राहिले, त्यामुळे मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून जाणकार त्यांच्यात भेद करतात. मोहरीहून लहान असा एक ठिपका झिजून गेला की रुपया एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो.

आमच्या लहानपणी या ठिपक्यांची कुणाला दाद नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजी देवाच्या डब्यातले रुपये परातीत ओतायची आणि भिजवलेली चिंच व चुलीतली राख आम्हा पोरांपुढे ठेवायची. अंगठ्याने घासता घासता काळा चिखल निघायचा, वर्षभराची हळद नखांत भरायची आणि रुपया भांड्यासारखा पांढराफटक झाला की तो आजीच्या तळहातावर ठेवायचा. तिची खात्री पटली नाही तर पुन्हा घासायचा. तिथपर्यंत ते काम होते. मजा त्यानंतर होती. वहीचे पान रुपयावर दाबून धरायचे आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची. डोळ्यांना जे अजिबात दिसत नव्हते ते कागदावर उमटू लागायचे. आधी कडेचे मणी, मग वेलबुट्टी, मग अर्धवट एखादा आकडा. त्या आकड्यावरून सहा की आठ अशी भांडणे व्हायची आणि आजी ती "राणी मेली की आता" एवढ्या निकालावर मिटवायची. संग्राहक आज हात जोडून सांगतात की जुने नाणे घासू नका, त्यावर चढलेला काळपट रंगच त्याचा दागिना आहे. देव्हाऱ्यात काळा रुपया ठेवायचा नसतो हे आजीचे शास्त्र होते. दोघांचेही मला पटते, पण पांढऱ्याफटक जुन्या रुपयाकडे आता माझ्याने पाहवत नाही, हेही तितकेच खरे.

नाण्याच्या दोषाचा हिशेबही मोठा विचित्र आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या रुपयावर त्याच्या वस्त्रावरचा हत्ती असा काही कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि त्यातले बरेचसे रुपये आटवले गेले. जे वाचले ते आज भाव खातात. चूक टांकसाळीने केली तर किंमत चढते आणि माणसाच्या हाताने केली तर उतरते, हा न्याय मला कधीच कळलेला नाही.

कडीच्या बाबतीत तर कायद्यानेच निकाल देऊन ठेवला होता. १९०६ च्या नाण्यांच्या कायद्यानुसार ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त झिजलेला किंवा विद्रूप केलेला रुपया घेण्याची सक्ती कुणावर नव्हती. असा रुपया समोर आला तर तो कापून टाकण्याचा अधिकार सरकारने काही लोकांना दिलेला होता. म्हणजे कडी झाळली गेली त्या दिवशीच त्या रुपयाने बाजार सोडला. मग त्याला आज बाजारातले नाणे म्हणून तोलायचे आणि वर नाक-डोळा नाही म्हणून नाक मुरडायचे, हे कितपत बरोबर?

माझा किंमत ठरवण्याचा घोळ यापुढचा आहे. ती कडी केव्हा लागली? १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडी मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे, तेव्हा रुपया आणि त्यातली चांदी यांत फारसे अंतर नव्हते. रुपयाचा दागिना केला तरी पदरचे काही जात नव्हते. त्या साली सरकारने हा दरवाजा लोकांसाठी बंद केला, आणि चांदी उतरत गेली तरी रुपया मात्र सोळा आण्यांचाच राहिला. त्यानंतर कित्येक वर्षे रुपयाला कडी लावणारी बाई स्वतःच्या हाताने काही आणे घालवत होती. तरीही तिने तसे केले असेल तर त्यालाही हिशेब असणार. सोनाराच्या चांदीत किती भेसळ आहे हे तिला कळत नव्हते आणि राणीच्या चांदीचे प्रमाण ठरलेले आहे हे ठाऊक होते. त्या खात्रीचे तिने काही आणे मोजले. हा भाव कुठल्या काट्यावर करायचा?

कडीवर साल नसते, त्यामुळे याचे उत्तर मिळण्याची सोय नाही. आमच्या डब्यातल्या एका रुपयालाही कडेला असाच झाळल्याचा डाग आहे आणि तो हातातून सोडला तर खणखणीत न वाजता बद्द वाजतो. तो कुणाच्या माळेतला हे सांगू शकेल असे घरात आता कोणी नाही. विकायचाही नाही, मग भाव काढून तरी करायचे काय!