आरओ काढला, पण सिंकखालच्या पाईपचं काय?

आमच्या लातूरात आता बऱ्याच घरी आरओ काढून टाकायलेत, कुणी जार लावलाय, कुणाला मशीनच्या सर्व्हिसिंगचा खर्च परवडत नाही. मशीन भंगारात जातं, भिंतीवरची भोकं पुट्टीनं बुजवतात, पण सिंकखाली आरओला पाणी देणारा तो पांढरा पाव इंची पाईप तसाच लोंबकळत राहतो अन त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो पाईप टोकाला बंद करू नका, जिथून निघतो तिथंच बंद करा.

आमच्याकडं मशीन काढायला आलेल्या माणसानं पाईपचं टोक दुमडलं, त्याला बांधकामाची तार आवळली अन म्हणला, "वहिनी, बिनधास्त राहा, छोटा वॉल्व बंद केलाय." मग एक दिवस मामी डब्बे काढायला खाली वाकल्या अन म्हणल्या, "अगं, इथली फरशी ओली कशी काय?" टॉर्च लावून बघितलं तर तारेपाशी पाईपला बारीक चीर, तिथं थेंब फुगायचा, पडायचा, परत फुगायचा. वॉल्वच्या निळ्या दांडीभोवती बोरच्या पाण्याची पांढरी खपली धरलेली, म्हणजे दांडी आडवी, म्हणजे बंद, असूनही आतून पाणी पाझरायलंच होतं.

ह्यात नवल काही नाही. प्लास्टिक एकाच जागी दुमडून ठेवलं की घडीवर चिरतंच, अन पाण्याचा दाब तर चोवीस तास आहेच, टाकी दहा मीटर वर असली की साधारण एक किलोचा दाब येतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, अगदी बारीक थेंब धरले तरी चार लिटरच्या वर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे, इथं चार लिटर म्हणजे थोडं नाही. शिवाय त्या पाईपात साचलेलं पाणी हलतच नाही, ते वेगळंच.

आता करायचं काय. सिंकखाली अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाणी येतं तिथला छोटा कॉक असतो, त्याच्या अन नळाच्या कनेक्शन पाईपच्या मधी आरओचा तीनतोंडी वॉल्व बसवलेला असतो. सगळ्यात चांगलं म्हणजे तो वॉल्वच काढून टाकायचा. अँगल कॉक बंद करा, वरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, खाली बादली ठेवा, मग पान्यानं दोन्हीकडचे नट सोडवा अन कनेक्शन पाईप सरळ अँगल कॉकवर लावा. ह्या पाईपच्या नटात रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवतो, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळायची गरज नाही, वायसर कडक झाला असेल तर तेवढा नवा टाका. हातानं पुरता आवळा अन मग पान्यानं फक्त पाव फेरा, जास्त जोर लावला की वायसर दबून फाटतो अन पितळी आटे पण जातात.

वॉल्व ठेवायचाच असेल, म्हणजे पुढं परत फिल्टर घ्यायचा विचार असेल, तर पाईप काढून वॉल्वच्या त्याच तोंडाला प्लग मारा, आमच्या हार्डवेअरवाल्याकडं डमी म्हणलं की देतात. वॉल्वच सोबत न्या, कारण काहींना नटवाला पाईप असतो अन काहींना नुसता ढकलून बसवलेला. ढकलून बसवलेला असेल तर उगं ओढाताण करू नका, तोंडाची बारीक रिंग बोटानं आत दाबून धरली की पाईप अलगद निघतो, अन डमी तिथंच ठक्कन बसते. एमसील अन तारेच्या भानगडीत पडूच नका, कृपा करून.

काम झालं की टाकी भरलेली असताना कॉक उघडा अन खाली कोरडा पेपर रात्रभर अंथरून ठेवा, पाझर असला तर पेपरवर डाग दिसतोच. अन एक राहिलंच, आरओच्या वेस्ट पाण्याचा पाईप सिंकच्या ड्रेनला भोक पाडून जोडलेला असेल तर ते भोक पण बुजवून घ्या, तिथून वास येतो अन झुरळं पण.